‘त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?’ : अणुबाँबमधून वाचलेल्यांची पुढची ऐंशी वर्षं

प्रश्न असा आहे: हिरोशिमा आणि नागासाकी आज गजबजलेली शहरं आहेत, लोक तिथे राहतात, नळाचं पाणी पितात. मग ‘तिथे अजूनही पिढ्यान्‌पिढ्या व्यंग असलेली मुलं जन्माला येतात’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, ते खरं का? आणि बाँबमधून जे वाचले त्यांचं पुढे काय झालं?

पहिल्या भागाचं उत्तर छोटं आहे: तसं आढळलेलं नाही. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे आणि ते एकाच सवालाभोवती फिरतं. वाचलेल्या माणसाला जपानीत ‘हिबाकुशा’ म्हणतात, म्हणजे स्फोट ज्याच्या अंगावर आला तो. या माणसाला डॉक्टरांनी, संशोधकांनी, सरकारी कारकुनांनी, न्यायाधीशांनी आणि सोयरीक बघायला आलेल्यांनी तोच सवाल विचारला: त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? केंद्रापासून, म्हणजे बाँब हवेत फुटला त्याच्या बरोबर खालच्या जागेपासून, किती मीटरवर? आजार, पैसा, लग्न, सगळं त्या आकड्यावर ठरत गेलं.

आधी शहरं पुन्हा वसली कशी ते पाहू. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८:१५ वाजता हिरोशिमावरचा युरेनियमचा बाँब शिमा नावाच्या रुग्णालयाच्या डोक्यावर, जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. ९ ऑगस्टला ११:०२ वाजता नागासाकीच्या उराकामी खोऱ्यावर प्लुटोनियमचा बाँब सुमारे ५०० मीटरवर फुटला. इतक्या उंचीमुळे आगीचा गोळा जमिनीला टेकला नाही. टेकला असता तर माती-दगडांची वाफ झाली असती आणि किरणोत्सारी द्रव्य त्या धुळीला चिकटून तिथेच खाली बसलं असतं. इथे बरंचसं द्रव्य तापलेल्या हवेबरोबर वर जाऊन पांगलं. मुळात द्रव्यही थोडंच होतं. हिरोशिमाच्या बाँबमध्ये सुमारे ६४ किलो युरेनियम होतं आणि त्यातल्या जेमतेम एक किलोचं विभाजन झालं. चेर्नोबिलच्या अणुभट्टीत इंधन शंभरावर टन होतं आणि ती दहा दिवस ओकत होती. ‘चेर्नोबिल ओसाड, मग हिरोशिमा कसं वसलं?’ या तुलनेत गोम आहे ती इथे.

बाँबमधून सुटलेल्या न्यूट्रॉन कणांच्या माऱ्याने केंद्राजवळची माती, विटा, लोखंड स्वतःच किरणोत्सारी झालं होतं. पण त्यातल्या मुख्य मूलद्रव्यांचं आयुष्य थोडं: ॲल्युमिनियम-२८ चं अर्धायुष्य (निम्मं द्रव्य विरायला लागणारा वेळ) सव्वादोन मिनिटं, मँगॅनीज-५६ चं अडीच तासांहून जरा जास्त, सोडियम-२४ चं १५ तास. म्हणून त्याच दिवशी नातेवाइकांना शोधायला केंद्राजवळ गेलेल्याला किरणोत्सर्गाची मात्रा मिळाली, आणि पंधरा दिवसांनी गेलेल्याला जवळपास काहीच नाही. पुढे कायद्यात ‘दोन आठवड्यांच्या आत शहरात आलेले’ अशी अट आली, ती या हिशोबाला धरूनच आहे. १७ सप्टेंबरला माकुराझाकी नावाचं चक्रीवादळ आलं आणि उरलंसुरलं बरंच धुऊन समुद्रात गेलं. त्या वादळाने हिरोशिमा प्रांतात दोन हजारांवर माणसं मारली, त्यात बाँबचे परिणाम तपासायला आलेले क्योतो विद्यापीठाचे संशोधकही होते. ‘इथे ७५ वर्षं गवतही उगवणार नाही’ ही आवई ऑगस्ट १९४५ मधली. पण जळालेल्या मातीतून त्याच मोसमात कोंब फुटले, आणि पुढच्या उन्हाळ्यात फुललेली कण्हेर आज हिरोशिमाचं अधिकृत फूल आहे.

अपवाद दोन. हिरोशिमाच्या वायव्येला काजळी आणि धुळीने भरलेला ‘काळा पाऊस’ पडला, आणि नागासाकीत निशियामा जलाशयाच्या बाजूला किरणोत्सारी द्रव्य खाली बसलं. या पावसाचं भांडण न्यायालयात २०२१ पर्यंत चाललं, ते पुढे येईल.

आता अंतराकडे. हिरोशिमात उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाला १ किलोमीटरवर गॅमा किरणांची सुमारे ४ ग्रे मात्रा मिळाली (ग्रे हे शरीराने शोषलेल्या किरणोत्सर्गाचं माप). दीड किलोमीटरवर ती अर्ध्या ग्रेवर येते, २ किलोमीटरवर ०.०८ ग्रे आणि अडीच किलोमीटरवर सव्वाशतांश ग्रे. उपचाराशिवाय निम्मी माणसं दगावतात ती मात्रा अडीच ते तीन ग्रेच्या आसपास येते. म्हणजे ८०० मीटरवरचा आणि १,६०० मीटरवरचा माणूस यांच्यात दुपटीचा फरक नाही, मरणा-जगण्याचा आहे. अंतराइतकाच आडोसा महत्त्वाचा. सिमेंटची भिंत आड असेल तर मात्रा बरीच कमी होते, लाकडी घरात थोडीच. नागासाकीचा बाँब ताकदीने मोठा, सुमारे २१ किलोटन (म्हणजे २१,००० टन टीएनटी स्फोटकाएवढा), हिरोशिमाचा सुमारे १५. तरी १९४५ अखेर हिरोशिमात अंदाजे १,४०,००० आणि नागासाकीत अंदाजे ७४,००० मृत्यू झाले. हिरोशिमा सपाट त्रिभुज प्रदेशात पसरलेलं, तर नागासाकीत उराकामी खोऱ्याच्या डोंगरांनी जुनं शहर झाकलं.

भाजण्याचा हिशोब वेगळा. उष्णतेने उघडी कातडी साडेतीन किलोमीटरपर्यंत भाजली. भाजणं आणि किरणोत्सर्ग यांचं वेळापत्रकही निराळं, आणि इथेच त्या वेळचे डॉक्टर चकले. भाजलेले पहिल्या दिवसांत गेले. पण अंगावर ओरखडाही नसलेली, ढिगारे उपसणारी माणसं तीन ते सहा आठवड्यांनी केस गळून, हिरड्यांतून रक्त येऊन, अंगावर जांभळे डाग उठून मरू लागली. मात्रा फार असेल तर आतड्याचं अस्तर आधी जातं, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत रक्ती जुलाब लागतात. डॉक्टरांनी सुरुवातीला हगवणीची साथ समजून रुग्ण वेगळे ठेवले. त्यातून टिकलेल्यांची अस्थिमज्जा, म्हणजे हाडांतला रक्तपेशी बनवणारा मगज, पुढच्या आठवड्यांत हात टेकते, कारण रक्तातल्या जुन्या पेशी संपतात आणि नव्या बनत नाहीत. सप्टेंबरमधल्या मृत्यूंचं गूढ एवढंच. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते पाहिलं आणि ‘हा संसर्ग आहे’ अशी भीती पसरली, ती पुढे कित्येक दशकं गेली नाही.

मृतांमध्ये बारा-तेरा वर्षांची मुलं इतकी का, हेही अंतरानेच कळतं. हवाई हल्ल्यात आग पसरू नये म्हणून शहराच्या मधोमध घरं पाडून मोकळे पट्टे करायचं काम चालू होतं. त्या सकाळी माध्यमिक शाळांच्या खालच्या वर्गांतली मुलं-मुली त्या कामावर होती, भर उन्हात, आडोशाशिवाय. तिथली सुमारे सहा हजार गेली. हिरोशिमाच्या संग्रहालयातले जळके गणवेश आणि जेवणाचे डबे बहुतेक त्यांचेच.

पुढचे आजार टप्प्याटप्प्याने आले. १९४६-४७ मध्ये भाजल्याच्या व्रणांवर केलॉइड चढले. हे कातडीचे जाड, ताठ, खाजणारे वळ असतात. मानेवर आले तर हनुवटी छातीला चिकटते, कोपरावर आले तर हात वाकलेलाच राहतो, आणि कापून काढले तर बहुधा पुन्हा येतात. मे १९५५ मध्ये अशा २५ तरुणींना शस्त्रक्रियांसाठी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात नेलं. त्यांच्यावर शंभराहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या आणि एकीचा भूल दिलेली असताना मृत्यू झाला. नागासाकीत टपाल वाटणारा सोळा वर्षांचा सुमितेरू तानिगुची १.८ किलोमीटरवर सायकलवर होता. त्याची पाठ पूर्ण सोलली गेली. तो पावणेदोन वर्षं पालथा पडून होता आणि रुग्णालयातून सुटला तो १९४९ मध्ये. पुढे तो हिबाकुशांच्या संघटनेचा प्रमुख आवाज झाला.

रक्ताचा कॅन्सर, म्हणजे ल्युकेमिया, दोनेक वर्षांत दिसू लागला आणि सहा ते आठ वर्षांनी शिखरावर गेला, लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त. सादाको सासाकी ही त्यांतलीच. बाँबच्या वेळी दोन वर्षांची, केंद्रापासून दीड किलोमीटरहून थोडी लांब, अंगावर जखम नाही. फेब्रुवारी १९५५ मध्ये आजार निघाला आणि २५ ऑक्टोबरला ती गेली. हजार कागदी क्रौंच घडवले की इच्छा पुरी होते, अशी जपानी समजूत, म्हणून ती ते घडवत होती. आपल्याकडे सांगतात त्या गोष्टीत तिचे ६४४ कागदी क्रौंच होतात आणि उरलेले मैत्रिणी पुरे करतात. ती कथेतली कलाकुसर आहे. कुटुंबीयांच्या आणि संग्रहालयाच्या म्हणण्यानुसार तिचे हजार पूर्ण झाले होते. हजार घडी घालूनही ती वाचली नाही, हे ऐकायला जास्त अवघड जातं, म्हणूनच बहुधा गोष्ट बदलली.

इतर अवयवांचे कॅन्सर दहा वर्षांनंतर वाढू लागले आणि ती वाढ आयुष्यभर टिकते. इथे आकडे नीट समजून घ्यावेत, कारण दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. मोजण्याजोगी मात्रा मिळालेल्या सुमारे ४९,००० जणांमध्ये २००० पर्यंत ल्युकेमियाने २०४ मृत्यू झाले, त्यांतले अंदाजे ९४ किरणोत्सर्गामुळे. इतर कॅन्सरचं चित्र वेगळं. सुमारे ४४,६०० जणांमध्ये १९५८ ते १९९८ या काळात सुमारे ७,८५० रुग्ण आढळले, त्यांतले अंदाजे ८५० किरणोत्सर्गामुळे. गटासाठी हा आकडा स्पष्ट आहे. पण समोर बसलेल्या एका माणसाचा पोटाचा कॅन्सर त्या ८५० मधला की उरलेल्या सात हजारांमधला, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. हिबाकुशांच्या न्यायालयीन लढायांचं मूळ या एका अडचणीत आहे.

आता मुलांचं. ‘पोटातली’ आणि ‘नंतर राहिलेली’ यांची सतत गल्लत होते. बाँब पडला तेव्हा जी मुलं गर्भात होती, विशेषतः ८ ते १५ आठवड्यांची, त्यांच्यातल्या काहींचं डोकं लहान राहिलं आणि बुद्धीची वाढ खुंटली. मेंदूच्या पेशी नेमक्या त्याच आठवड्यांत आपापल्या जागी सरकत असतात. त्यांच्या पालकांना वर्षानुवर्षं ‘कुपोषणामुळे असेल’ असं सांगून वाटेला लावलं. १९६५ मध्ये त्या पालकांनी ‘किनोको-काई’, म्हणजे अळंबी मंडळ, स्थापन केलं. अळंबीच्या ढगाखाली जन्मलेली, पण अळंबीसारखी जमीन फोडून वर येणारी मुलं, असा तो अर्थ.

बाँबनंतर गर्भधारणा झालेली मुलं हा वेगळा गट. १९४८ ते १९५४ दरम्यान अशा सुमारे ७७,००० जन्मांची तपासणी झाली. ती जमली कशी, हे पाहण्यासारखं आहे. त्या टंचाईच्या काळात पाचव्या महिन्यानंतर गरोदर बाईला जादा रेशन मिळे, आणि त्यासाठी नाव नोंदवायला प्रत्येकीला कचेरीत यावंच लागे. संशोधकांनी त्याच खिडकीवर आपली नोंदवही ठेवली. जन्मजात व्यंग, मृत जन्म, पहिल्या दिवसांतले मृत्यू यांत आईबापांच्या मात्रेनुसार ठाम वाढ दिसली नाही. याचा अर्थ ‘परिणाम शून्य’ असा नव्हे. असेल तर तो इतक्या नमुन्यातही पकडता येत नाही एवढा लहान आहे, इतकाच अर्थ. दुसऱ्या पिढीच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणं आजही चालू आहे.

हे संशोधन करणारी संस्था म्हणजे अमेरिकेने १९४७ मध्ये हिरोशिमात सुरू केलेला अणुबाँब-बळी आयोग. नंतर तो हिजियामा टेकडीवरच्या अर्धगोल छपरांच्या इमारतींत गेला. धोरण असं की तपासायचं, उपचार करायचे नाहीत. जीप घरी येई, माणसाला नेई, रक्त काढून, उघडं करून, फोटो घेऊन परत सोडी. कोणी मेलं की शवविच्छेदनाची परवानगी मागायला माणसं दारात. ‘आमचा गिनिपिग केला’ हे वाक्य हिबाकुशांच्या साक्षींत पुन्हा पुन्हा येतं. १९७५ मध्ये ती संस्था जपान-अमेरिकेची संयुक्त झाली आणि २०१७ मध्ये तिच्या प्रमुखांनी त्या वागणुकीबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. विचित्र गोष्ट ही की आपल्याकडच्या एक्स-रे विभागातला तंत्रज्ञ छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा जो बिल्ला लावतो, त्यासाठीची वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्टची (हेही किरणोत्सर्गाचं माप) मर्यादा मुख्यतः याच माणसांच्या आजारांच्या नोंदींवर उभी आहे. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतही तीच.

दहा वर्षं या लोकांना कोणी वाली नव्हता. सप्टेंबर १९४५ पासून जपानचा ताबा घेतलेल्या दोस्त सैन्याची वृत्तनियंत्रणं लागू होती. भाजलेल्या माणसांची छायाचित्रं सामान्य जपानी वाचकाने मोठ्या प्रमाणावर पाहिली ती ऑगस्ट १९५२ मध्ये, असाही ग्राफ साप्ताहिकाच्या खास अंकात. वारा फिरला तो १ मार्च १९५४ ला. अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटावर चाचणीसाठी उडवलेल्या हायड्रोजन बाँबची राख ट्यूना पकडणाऱ्या एका जपानी बोटीवर पडली, २३ खलाशी आजारी झाले आणि बोटीचा रेडिओ चालक सप्टेंबरमध्ये वारला. बाजारातल्या मासळीची भीती घरोघर पोचली. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या बायकांनी सुरू केलेल्या सह्यांच्या मोहिमेत तीन कोटींवर सह्या झाल्या. त्या लाटेवर ऑगस्ट १९५६ मध्ये नागासाकीत ‘हिदानक्यो’ ही हिबाकुशांची देशव्यापी संघटना उभी राहिली. २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं ते हिलाच. १९५७ मध्ये उपचारांचा पहिला कायदा आला.

त्या कायद्याने दिलेली छोटी पुस्तिका म्हणजे ‘तेचो’, हिबाकुशाचं आरोग्यपत्र. ते चार प्रकारच्या लोकांना मिळतं. पहिले, स्फोटाच्या वेळी शहरात वा ठरवलेल्या लगतच्या भागात असलेले. दुसरे, दोन आठवड्यांच्या आत केंद्रापासून साधारण २ किलोमीटरच्या टप्प्यात शिरलेले. तिसरे, जखमींची शुश्रूषा केलेले किंवा प्रेतं हलवलेले. चौथे, या तिघांपैकी कोणाच्या तरी पोटात असलेले. हिरोशिमासाठी जन्म ३१ मे १९४६ पर्यंत, नागासाकीसाठी ३ जूनपर्यंत. पत्र असलं की तपासण्या मोफत आणि दवाखान्यात स्वतःचा वाटा भरावा लागत नाही. ठरावीक आजार असतील तर महिना सुमारे ३५,००० येन भत्ता. आजार ‘बाँबमुळेच’ असल्याचं सरकारने मान्य केलं तर सुमारे १,४०,००० येन. ही २०२० च्या आसपासची रक्कम.

कागदावर सोपं वाटतं. अडतं कुठे? कागद नसेल तर साक्षीदार लागतात, आणि तेही जवळचे नातेवाईक चालत नाहीत. पण १ किलोमीटरच्या आतल्या माणसाचे शेजारी तर त्याच्याबरोबरच गेलेले. जो जितका जवळ, त्याला पुरावा तितका अवघड. दुसरी अडचण अशी की अनेकांनी वेळेवर अर्जच केला नाही. पत्र घेणं म्हणजे सरकारदरबारी नाव लागणं, आणि ते नाव मुलीच्या सोयरिकीत निघालं तर? जपानमध्ये लग्नाआधी घराण्याची चौकशी करायची, त्यासाठी माणूसही नेमायची पद्धत होती. ‘तिची आई हिरोशिमाची’ एवढं पुरे. पुष्कळ बायकांनी नवऱ्यालाही सांगितलं नाही, आणि मुलांची लग्नं उरकल्यावर, साठी ओलांडल्यावर पत्र मागितलं. तोवर साक्षीदार वारलेले. पत्रधारक १९८० च्या सुमारास सर्वाधिक होते, ३,७२,००० च्या वर. मार्च २०२५ मध्ये ते पहिल्यांदा लाखाच्या खाली आले: ९९,१३०, सरासरी वय ८६.

‘बाँबमुळेच’ हा शिक्का मिळवणं त्याहून कठीण. सरकार अंतरावरून मात्रा काढी, मात्रेवरून शक्यतेची टक्केवारी काढी, आणि आकडा कमी आला की अर्ज फेटाळी. नागासाकीत २.४५ किलोमीटरवर असलेल्या, तीन वर्षांची असताना छपराचं कौल डोक्यात लागलेल्या एका बाईची मेंदूची जखम कधी धड भरलीच नाही. गणित म्हणे, एवढ्या अंतरावर मात्रा नगण्य. तिने दावा लावला आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. २००३ पासून देशभर सामूहिक दावे झाले, सरकार एकामागून एक हरत गेलं, आणि २००८ मध्ये निकष सैल झाले: साडेतीन किलोमीटरच्या आत असणं, किंवा १०० तासांच्या आत २ किलोमीटरपर्यंत जाणं, आणि ठरलेल्यांपैकी आजार. गणित चूक नव्हतं, पण अपुरं होतं. ते थेट मारा मोजतं. पोटात गेलेली धूळ, प्यायलेलं पाणी, जळक्या मातीत घालवलेले दिवस त्यात बसत नाहीत.

काळ्या पावसाचंही तसंच. १९४५ मधल्या पाहणीवरून १९ किलोमीटर लांब आणि ११ रुंद असा अंडाकृती पट्टा मदतीसाठी १९७६ मध्ये ठरला. पाऊस काही नकाशा बघून पडला नव्हता. रेषेच्या अलीकडचं घर आत, पलीकडचं बाहेर. २०२० मध्ये जिल्हा न्यायालयात रेषेबाहेरचे ८४ जण जिंकले, जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला, सरकारने अपील केलं नाही. नागासाकीत हद्द त्याहून अजब. जुन्या नगरपालिकेच्या सीमेवरून आखल्यामुळे ती उत्तर-दक्षिण १२ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम जेमतेम ७. तेवढ्याच अंतरावर पूर्वेला असलेल्यांना ‘हिबाकुशा’ नव्हे तर ‘स्फोटाचा अनुभव घेतलेले’ असं वेगळंच नाव दिलं गेलं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांच्यातल्या ४४ पैकी १५ जणांनाच न्यायालयाने हिबाकुशा मानलं.

आणि ज्यांना हा सवाल विचारलाच गेला नाही ते कोरियन. वसाहतीच्या काळात कामाला आलेले आणि आणलेले हजारो कोरियन दोन्ही शहरांत होते. वाचलेले बरेच मायदेशी गेले. दक्षिण कोरियातल्या हापचॉन जिल्ह्याला कोरियाचं हिरोशिमा म्हणतात. १९७० मध्ये सोन जिन-दू हा हिबाकुशा उपचारांसाठी चोरून बोटीने जपानला आला, पकडला गेला, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा पत्राचा हक्क मान्य केला. तरी १९७४ च्या एका परिपत्रकाने जपानबाहेर पाऊल टाकलं की भत्ता बंद होई. तो नियम २००३ मध्ये गेला. कोरियन मृतांचं स्मारक १९७० पासून हिरोशिमाच्या शांतता उद्यानाच्या बाहेर होतं, ते आत यायला १९९९ उजाडलं.

आकड्यांत न मावणारं म्हणजे पाणी. भाजलेल्याला पाणी दिलं तर तो मरतो, असं तेव्हा सर्रास सांगत. म्हणून हजारोंनी ‘मिझु, मिझु’ (पाणी, पाणी) म्हणणाऱ्यांना पाणी नाकारलं. इतरांनी दिलं आणि तो माणूस घोट घेऊन गेला. दोन्ही प्रकारचे लोक ते ओझं आयुष्यभर वाहत राहिले. साक्षी वाचताना पाण्याचा उल्लेख आला की थांबून वाचावं. सांगणारा तिथे बहुधा माफी मागत असतो. दर ६ ऑगस्टच्या समारंभात शहरातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेलं ताजं पाणी मृतांना वाहतात, ते यासाठी.

आठवण कशी जपायची यावरही कमी भांडणं झाली नाहीत. हिरोशिमात केंद्रापासून १६० मीटरवरची, बाँबनंतर पडक्या अवस्थेत उभी राहिलेली घुमटाची इमारत, १९१५ मध्ये यान लेत्झेल या चेक वास्तुकाराने बांधलेली, पाडावी असं म्हणणारे खूप होते आणि त्यांत हिबाकुशाही होते. रोज दिसणारी जखम कोणाला हवी? १९६० मध्ये ल्युकेमियाने गेलेल्या एका शाळकरी मुलीच्या डायरीतल्या ओळी वाचून मुलांनी सह्या जमवायला सुरुवात केली आणि १९६६ मध्ये नगरपरिषदेने जतनाचा ठराव केला. पुढच्या वर्षी भेगांमध्ये इपॉक्सी राळ भरून पहिली डागडुजी झाली. पडकी वास्तू ‘पडकी’ राखणं हे नवी बांधण्याहून किचकट काम. शांतता उद्यानातल्या मृतांच्या स्मृतिशिलेवरच्या ओळीवरून वेगळाच वाद झाला. ‘शांत झोपा, ही चूक पुन्हा करणार नाही’. जपानीत कर्ता गाळता येतो, मराठीतल्या या वाक्यात गाळलाय तसाच. नोव्हेंबर १९५२ मध्ये तिथे आलेले, टोकियोच्या युद्धगुन्हे खटल्यातले भारतीय न्यायमूर्ती राधाबिनोद पाल म्हणाले, बाँब टाकणारे जपानी नव्हते, मग चूक कबूल कोणी करायची? शहराचं उत्तर: कर्ता अख्खी मानवजात. वाद आजही मधूनमधून पेटतो.

चित्रांचा ठेवा मात्र कोणी न ठरवता जमला. १९७४ मध्ये ७७ वर्षांचा एक माणूस स्वतः काढलेलं चित्र घेऊन हिरोशिमाच्या दूरचित्रवाणी केंद्रात गेला. केंद्राने आवाहन केलं आणि दोन वर्षांत दोन हजारांवर चित्रं आली, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, खडूने, पेन्सिलीने. चित्रकार कोणीच नव्हते, आणि कडेला बारीक अक्षरात तारीख, जागा, अंतर लिहिलेलं. त्या दिवसाची छायाचित्रं मोजकीच असल्यामुळे संशोधकांसाठी ही चित्रं पुरावा आहेत.

नागासाकीचा सूर निराळा. ‘हिरोशिमा संतापते, नागासाकी प्रार्थना करते’ असं जपानीत म्हणतात. बाँब पडला तो उराकामीवर, जिथे अडीच शतकं लपून धर्म सांभाळलेल्या कॅथलिकांची वस्ती होती. सुमारे १२,००० पैकी ८,५०० गेले. तिथले क्ष-किरण डॉक्टर ताकाशी नागाई यांनी नोव्हेंबर १९४५ मध्ये मृतांना देवाला वाहिलेला होमबळी म्हटलं. (त्यांचा ल्युकेमिया बाँबमुळे झाला असं लिहिलेलं दिसतं, ते चूक, तो बाँबच्या आधीच निघाला होता, क्ष-किरणांच्या कामातून.) त्या विचाराने अनेकांना धीर दिला. पण जे देवाला वाहिलं त्याबद्दल राग कसा धरायचा? पुष्कळ कॅथलिक हिबाकुशा गप्प राहिले. फेब्रुवारी १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे आले आणि युद्ध हे माणसाचं काम आहे असं म्हणाले, त्यानंतर काहींना बोलणं जमलं. तिथल्या कॅथीड्रलचे भग्नावशेष १९५८ मध्ये पाडले आणि त्याच जागी नवं बांधलं. भाविकांना ती छळाच्या काळापासूनची जागा सोडायची नव्हती. त्यामुळे हिरोशिमाच्या घुमटासारखी खूण नागासाकीकडे उरली नाही, भिंतीचा एक तुकडा तेवढा केंद्राच्या जागी नेऊन उभा केला आहे.

झाडांचंही अंतर नोंदवलेलं असतं. हिरोशिमात २ किलोमीटरच्या आत वाचलेली सुमारे १६० झाडं पाटी लावून जपली आहेत. त्यांतली कित्येक केंद्राच्या दिशेला कललेली दिसतात, कारण त्या बाजूची साल भाजून खोडाची वाढ मंदावली आणि मागची बाजू वाढत राहिली.

सांगणारे संपत चालले म्हणून २०१२ पासून हिरोशिमा शहर ‘देन्शोशा’, म्हणजे वारसदार निवेदक, तयार करतं. एका हिबाकुशाजवळ बसून त्याची हकिगत शिकायची, संहिता लिहायची, ती त्याच्याकडून तपासून घ्यायची आणि मग लोकांसमोर सांगायची. प्रशिक्षणाला दोन-तीन वर्षं जातात. २०२२ पासून कुटुंबीयांसाठी वेगळी तुकडी आहे, कारण घरच्यांना त्यातलं पुष्कळ कधी सांगितलेलंच नसतं.

मृतांच्या नावांच्या वह्या स्मृतिशिलेखालच्या दगडी पेटीत असतात. २०२५ मध्ये नावं साडेतीन लाखांच्या घरात गेली होती. दर मे महिन्यात त्या बाहेर काढून, पानं उलटून, त्यांना हवा देतात. एका वहीत नाव एकही नाही. ती ज्यांची नावं कळली नाहीत त्यांची. उद्यानातल्या गवताच्या टेकाडाखाली सुमारे ७०,००० जणांची राख आहे. त्यांतल्या आठशेच्या वर कलशांवर नावं आहेत, पण न्यायला कोणी आलेलं नाही, म्हणून शहर दर वर्षी त्यांची यादी छापून देशभर पाठवतं. हिरोशिमाच्या बंदरासमोर निनोशिमा बेट आहे. त्या ऑगस्टमध्ये सुमारे दहा हजार जखमी तिथे नेले होते. १९७१ मध्ये तिथे खोदताना ६१७ जणांचे अवशेष सापडले. २००४ मध्ये पुन्हा खोदलं तेव्हा आणखी ८५.